सतरा किलोमीटरवरचं वळण

कडूबाच्या हरभऱ्यात आभाळातून डबी पडली ती जानेवारीतल्या एका मंगळवारी. सकाळी नऊच्या सुमारास तो शेतावर पोचला, तर बांधापासून दहा पावलांवर नारिंगी रंगाची एवढीशी छत्री पिकावर पसरलेली, तिला लांबच लांब दोरी, आणि दोरीच्या टोकाला पांढरी डबी. डबीतून उंदराच्या शेपटीसारखी पातळ पट्टी बाहेर आलेली. आत एक बारीक दिवा लुकलुकत होता. कडूबा आला तसा उलट्या पावली गावात परतला.

अर्ध्या तासात बीबी गावभर बोभाटा झाला. कोणी म्हणे ड्रोन, कोणी म्हणे बॉम्ब, कोणी म्हणे पाळतीचा कॅमेरा. माणसं बांधावर गोळा झाली, पण आत पाऊल टाकायला कोणी तयार होईना. शेवटी एक सत्तरीकडे झुकलेला, किडकिडीत माणूस पुढं झाला. त्यानं चपला हातात घेतल्या आणि हरभऱ्याचं एकही झाड मोडणार नाही अशा बेतानं पाय टाकत तो डबीपाशी जाऊन बसला.

"गनी, हात नको लावू बे!" कडूबा बांधावरून ओरडला.

अब्दुल गनीनं तोवर डबी तळहातावर घेतली होती. त्यानं हात जरा वरखाली केला, जसा तो आयुष्यभर कापसाचा पुंजका हातावर तोलत आला होता.

"पावशेरबी नाई कडूबा," तो म्हणाला. "याच्यात दारूगोळा कुठून मावन? सगळी डबी थर्माकोलाची हाय."

अब्दुल गनी जातीनं आणि कामानं पिंजारी. वयाच्या बाराव्या वर्षी बापाची पिंजण त्याच्या खांद्यावर आली. पिंजण म्हणजे माणसाएवढ्या लांबीचं लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची तात ताणून बांधलेली. कापसाच्या ढिगात ती तात धरायची आणि लाकडी मुठीनं ठोकायची. टुंग टुंग करत कापूस मोकळा होतो, सरकी-कचरा खाली गळतो आणि वर उरतो तो फुललेला पांढरा ढीग. दसरा झाला की गनी सायकलला पिंजण बांधून निघायचा तो संक्रांत करूनच थांबायचा. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, मेहकर, मधली सगळी खेडी. कोणाच्या ओसरीत, कोणाच्या गोठ्यात तो जुन्या गाद्या उसवायचा आणि नव्या करून द्यायचा. लेकीच्या लग्नातली रजई गनीभाईच्याच हातची पाहिजे, असं म्हणणारी घरं होती.

पुढं विजेवरची मशीन आली. त्याचा मुलगा मोईज यानं बाजारपेठेत दुकान टाकलं आणि पिंजण भिंतीला लागली. त्याच सुमारास गनीची छातीही भरून यायला लागली. जालन्याच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि सांगितलं, चाळीस वर्षं नाकातोंडातून कापूस गेलाय, आता रुईपासून लांब राहा. तेव्हापासून गनीची खाट दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली होती. आत मशीन घरघरायची आणि बाहेर गनी उताणा पडून आभाळ बघत राहायचा. चालणं कमी झालं, बोलणं कमी झालं. बघणं मात्र वाढत गेलं. सकाळचे पिसासारखे पांढरे ढग कोणत्या बाजूला सरकतात, दुपारी खालचे ढग भलत्याच दिशेला कसे जातात, हे त्याच्या ध्यानात राहायचं. एकाच आभाळात दोन वारे कसे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंही कोणाला विचारलं नव्हतं. पिंजाऱ्यानं असलं काय विचारायचं!

पोलीस पाटलानं डबीचा फोटो वर पाठवला. दुपारपर्यंत निरोप आला, हवामान खात्याची वस्तू आहे, भिण्यासारखं काही नाही. गर्दी पांगली. कडूबाला ती डबी घरात नको होती, म्हणून ती गनीच्या घरी आली.

गनीची सून आलिमा जालन्याची. बीएस्सी झालेली. गावातल्या उर्दू शाळेत ती विज्ञान शिकवायची. शाळेतून आली, हातपाय धुतले आणि ओट्यावर बसून तिनं डबीवरचा कागद वाचला.

"अब्बा, ही फुग्याला बांधून सोडतात," ती म्हणाली. "संभाजीनगरच्या वेधशाळेतून. पहाटे एक आणि संध्याकाळच्या आधी एक. जगभर शेकडो ठिकाणांहून एकाच वेळी असे फुगे सुटतात. ही शेपटी आहे ना, ती वरची थंडी मोजते, हवेतला ओलावा मोजते. आणि डबी किती सरकली त्याच्यावरून वारा कळतो."

"किती वर जाते?"

"तीस किलोमीटर. कधी जास्तही."

गनीनं वर आभाळाकडं पाहिलं. तीस किलोमीटर त्याला पायाच्या हिशेबानं माहीत होतं. पिंजण बांधलेल्या सायकलवर अडीच तासांची वाट. मध्ये एकदा पाणी प्यायला थांबायचं, एकदा चढावर उतरून ढकलायची. एवढीच वाट. फक्त ती उचलून उभी धरलेली.

"एवढंच?" तो म्हणाला. "मले वाटे आभाळ लय दूर असन."

त्या दिवसापासून आलिमाला रोज सासऱ्याचे प्रश्न सुरू झाले. ती चहा ठेवायची आणि तो ओट्यावर येऊन बसायचा. ती सांगायची तेवढं तो घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली पडल्या पडल्या त्या उभ्या वाटेनं सायकल घालायचा. पहिल्या किलोमीटरला उन्हाळ्याचा हिवाळा व्हायला लागतो, कारण दर किलोमीटरला सहा-साडेसहा अंश थंडी वाढत जाते. हवा तापते ती जमिनीकडून, तव्यावरच्या भाकरीसारखी खालून. मग ढगांचे तळ लागतात. उन्हात तापलेली वाफ घेऊन हवा वर चढते, निवते, आणि एका ठरावीक उंचीला वाफेचे थेंब होतात. म्हणून ढगांचे तळ एका रेषेत कापल्यासारखे दिसतात. गनी डोळे मिटून त्या रेषेतून सायकल वर काढायचा. ओलसर, पांढरं, काहीच न दिसणारं. मग एकदम वर लख्ख ऊन आणि खाली पिंजलेल्या रुईचा न संपणारा ढीग. तिथं खोकला येत नव्हता.

"साडेपाच किलोमीटरला गेलं, की जगातली निम्मी हवा आपल्या पायाखाली राहते," एका संध्याकाळी आलिमा म्हणाली.

"निम्मी?"

"हो. उरलेली निम्मी वर, विरळ विरळ होत गेलेली."

गनीनं छातीवर हात ठेवला. "म्हंजे तिथं सगळ्याईची छाती माझ्यावानीच. जवान असो का म्हातारा."

आलिमाला हसावं की काय करावं कळेना. "हो अब्बा," ती हळूच म्हणाली. "तिथं सगळे तुमच्यासारखेच."

डबीवर वेधशाळेचा फोन होता. आलिमानं आठवडाभर मनाशी घोळवून शेवटी लावला. तिकडून कुलदीप नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं उचलला. डबी परत करायची गरज नाही, तो म्हणाला, ती एकदाच वापरतात. आलिमा म्हणाली, परत करायची नाही, माझ्या सासऱ्यांना एक विचारायचंय. आणि तिनं फोन गनीच्या हातात दिला.

गनीनं घसा साफ केला. "साहेब, माफ करजा. खालचा वारा त्या दिवशी गावात इकून तिकडं, उगवतीकून मावळतीकडं होता. मी धूर पाह्यला. मंग तुमची डबी मावळतीकून आमच्याकडं कशी काय आली?"

कुलदीप म्हणाला, "चाचा, इथं नोकरीला लागून मला सहा वर्षं झाली. डबी सापडली म्हणून शंभर फोन आले असतील. कशी आली, हे विचारणारे तुम्ही पहिले. तुम्ही एकदा या इकडे."

मोईजनं नाही म्हणून पाहिलं. छाती, एसटीचे धक्के, शहरातला धूर, सगळं सांगून पाहिलं. गनी ऐकून घेत राहिला आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आलिमाबरोबर बसस्टँडवर उभा राहिला. देऊळगाव राजाला एक गाडी बदलली, जालन्याला दुसरी. खिडकीतून त्याला त्याची जुनी गावं दिसत होती, पण त्या दिवशी तो त्यांच्या वरचं बघत होता.

वेधशाळा म्हणजे मोकळ्या माळावरच्या दोन बैठ्या इमारती आणि बाजूला उंच दाराची एक शेड. कुलदीप दारातच होता. शेडमध्ये जायच्या आधी त्यानं दोघांचे मोबाइल बाहेर ठेवायला लावले. फुग्यात हायड्रोजन भरतात, एक ठिणगी पुरते. आत मंद फुसफुस ऐकू येत होती. टेबलावर पांढऱ्या रबराचा सुरकुतलेला गोळा पडला होता. बघता बघता त्याच्या अंगात जीव आला. तो उठून बसला, उभा राहिला, गोल झाला आणि गनीच्या डोक्याच्या वर जाऊन हलकेच डुलायला लागला. एवढा मोठा, पण आवाज नाही. गनीनं नकळत त्याला हात लावला. गार आणि मऊ. रजई भरल्यावर वरून हात फिरवतात तसा त्यानं हात फिरवला.

"वर गेला की हा अजून फुगतो," कुलदीप म्हणाला. "बाहेरच्या हवेचा दाब कमी होत जातो ना. फुटायच्या वेळी एका खोलीएवढा झालेला असतो."

साडेचारला फुगा बाहेर आणला. दोरी, छत्री, खाली डबी. कुलदीपनं फुग्याची मान गनीच्या हातात दिली आणि स्वतः डबी धरून मागं उभा राहिला.

"मी सोडा म्हटलं की सोडायचं, चाचा."

फुगा वर ओढत होता. फार जोरानं नाही. लहान मूल बोट धरून जत्रेकडं ओढतं, तेवढंच. गनीचा हात खांद्यापासून उचलला गेला. त्याला वाटलं, आपणही टाच जराशी उचलली आहे.

"सोडा!"

गनी उभाच राहिला.

"चाचा, सोडा."

"अब्बा," आलिमा म्हणाली.

मग त्यानं बोटं उघडली. पांढरा गोळा सर्रकन वर गेला, कुलदीपच्या हातून डबी उचलली गेली आणि दोरीच्या टोकाला झोके घेत निघाली. मिनिटाभरात तो लिंबाएवढा झाला, मग मोत्याएवढा. जरा वेळ तो मावळतीकडं सरकला, गावातल्या धुरासारखा. मग खूप वर गेल्यावर थबकल्यासारखा झाला आणि उगवतीकडं वळला.

"हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर," कुलदीप म्हणाला. "खालचा वारा वेगळा, वरचा वेगळा. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याची नदी वाहते, कधी ताशी शंभर किलोमीटरनं. ती आमच्या डब्या तुमच्या तालुक्यात आणून टाकते. पावसाळ्यात वरचा वारा उलटा फिरतो, मग त्या मावळतीला जातात."

"एकाच आभाळात दोन वारे," गनी म्हणाला. "मी पाह्यलं हाय ते. ढगाईत."

"बरोबर पाहिलंत."

एवढ्याशा शब्दांनी गनीच्या चेहऱ्यावर जे आलं, ते आलिमानं नंतर मोईजला सांगायचा प्रयत्न केला. तिला नीट सांगता आलं नाही.

आतल्या खोलीत पडद्यावर एक रेघ वर चढत होती. कुलदीपनं दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मिनिटाला तीनशे मीटर, तो म्हणाला. म्हंजे तासाला अठरा, गनी म्हणाला, माझ्या सायकलीपेक्षा जरा जोरात. पाच किलोमीटरच्या आसपास रेघेनं शून्य अंश ओलांडला. दहाला उणे पस्तीस. रेघ डावीकडं झुकत चालली होती, थंडीकडं, आणखी थंडीकडं. बाहेर माळावर ऊन पिवळं झालं. चहा निवून गेला. सतरा किलोमीटरला आकडा उणे अठ्ठ्याहत्तर झाला, आणि तिथं ती रेघ थांबल्यासारखी झाली, मग उजवीकडं वळली.

गनी खुर्चीत पुढं सरकला. "हे काय झालं?"

"वळण," कुलदीप म्हणाला. "इथून वर थंडी कमी व्हायला लागते. आपलं सगळं हवामान, ढग, पाऊस, वादळ, या वळणाच्या खाली असतं. त्याच्या वर ओझोन आहे. तो सूर्याचे जहाल किरण स्वतः पितो आणि तापतो. म्हणून वर ऊब."

"म्हंजे आपल्याले छप्पर हाय."

"हाय," कुलदीपही त्याच्यासारखंच म्हणाला.

मग त्यानं दुसरा एक आलेख उघडला. कित्येक वर्षांच्या, देशोदेशींच्या फुग्यांच्या नोंदी एकत्र करून काढलेला. खालच्या थरातली रेघ हळूहळू वर चढलेली, म्हणजे ऊब वाढलेली. वळणाच्या वरच्या थरातली रेघ मात्र खाली उतरलेली. तिथं थंडी वाढत होती.

"सूर्यच जास्त तापला असता, तर खाली-वर दोन्हीकडं ऊब वाढली असती," कुलदीप म्हणाला. "तसं झालेलं नाही. कोळसा, डिझेल जाळून जो वायू आपण हवेत सोडतो, त्यानं..." तो शब्द शोधायला लागला.

गनी आलेखाकडं टक लावून बघत होता. "साहेब, मी सांगू?"

"सांगा ना."

"रजईत कापूस जास्त भरला, तर आतल्या माणसाले गरम होते. पण रजईच्या वरून हात लावून पाह्यला तर ती पहिल्यापेक्षा थंड लागते. काऊन, तं आतली ऊब आतच राह्यली. बाहेर आलीच नाई." त्यानं दोन्ही हात एकावर एक धरून दाखवले. "हे तसंच हाय ना? कोनीतरी कापूस भरून राह्यलं."

कुलदीपनं आलिमाकडं पाहिलं. "शास्त्र याच्याहून जरा गुंतागुंतीचं आहे चाचा. वरची हवा स्वतःही उष्णता बाहेर फेकते, ते वेगळं. पण मला कोणी विचारलं तर आता मी हेच सांगेन."

"आन् कोन भरून राह्यलं?"

"आपणच. सगळे मिळून. काही जण खूप, काही जण थोडा."

गनीनं एकावर एक धरलेले हात सोडवले. "जास्त भरली तर माणूस रजई फेकून देते," तो म्हणाला. "मी उसवून कापूस कमीबी करून दिला हाय लोकाईले. हिची शिवण कुठं हाय, साहेब?"

"शोधतायत," कुलदीप म्हणाला. "भरणं थांबवायचं, हे पहिलं. ते कळलंय सगळ्यांना. होत नाहीये तेवढं."

सव्वासहाला डबी एकतीस किलोमीटरवर होती. बाहेर माळावर दिवेलागण होत आली होती. कुलदीप म्हणाला, वर अजून ऊन आहे, कधीकधी फुगा चांदणीसारखा दिसतो. तिघं बाहेर आले आणि उगवतीकडं बघत उभे राहिले. आलिमाला काही दिसलं नाही. कुलदीपनंही डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि मान हलवली. गनी मात्र एका जागी नजर लावून होता.

"हाय," तो म्हणाला. "आत्ता होता. आत्ता गेला."

आतून सहकाऱ्यानं हाक मारली, फुगा फुटला.

त्या रात्री ते आलिमाच्या माहेरी जालन्याला राहिले. परतल्यावर गनी पुन्हा कडुनिंबाखालच्या खाटेवर आला, पण आता खाटेभोवती माणसं बसायला लागली. गाद्या भरायला आलेली गिऱ्हाइकं आत मोईजला कापूस दाखवायची आणि बाहेर येऊन गनीला विचारायची, काय गनीभाई, आज वरचा वारा कुठला? तो पिसासारख्या ढगांकडं बघायचा आणि सांगायचा. पाऊस पडेल का, हे मात्र त्यानं कधी सांगितलं नाही. ते शेकडो फुग्यांचं काम हाय, तो म्हणायचा, एका पिंजाऱ्याचं नाई.

फेब्रुवारी संपायच्या आत आणखी एक डबी मिळाली, पुढच्या हिवाळ्यात तीन. आसपासच्या शेतांतून निरोप यायचे आणि मोईज कुरकुरत का होईना, गनीला मोटारसायकलवर नेऊन आणायचा. कुठल्या शेतात, किती वाजता, तेव्हा खालचा वारा कुठून होता, हे आलिमा कुलदीपला कळवायची. एकदा तिनं विचारलं, साहेब, याचा काही उपयोग होतो का, की आम्ही उगाच? कुलदीप म्हणाला, उपयोग सांगता येत नाही, पण एक आहे. डबी खाली उतरता उतरता क्षितिजाआड जाते आणि आमचा संपर्क तुटतो. जमिनीच्या आधीचा शेवटचा पल्ला आम्हाला कधीच दिसत नाही. तो फक्त तुमच्याकडं आहे.

आलिमानं हे सांगितल्यावर गनीनं तिला दोनदा विचारून घेतलं, खरंच असं म्हणला?

यंदाच्या जानेवारीत डबी सापडली ती सोजराबाईला. गावाच्या उत्तरेला तिचं वांग्याचं आणि मेथीचं शेत आहे. गनीची छाती त्या आठवड्यात बरी नव्हती, तरी तो गेला. सोजराबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. डबी तिनं धुऊन, पुसून टोपल्यात ठेवली होती.

गनी बांधावर बसला, दम खाल्ला. "बाई, तुम्ही हिले पडलेली पाह्यली, का येताना पाह्यली?"

"येताना," सोजराबाई म्हणाली. "मी वाकेल होती. वरतून सावलीवानी काहीतरी गेलं म्हून मान वर केली."

गनी ताठ झाला. एवढ्या डब्या मिळाल्या, पण येताना कोणी पाहिली नव्हती.

"सांगा," तो म्हणाला. "सावकाश सांगा. कुठून आली?"

सोजराबाईनं जुडी खाली ठेवली आणि हात वर केला. "त्या बाभळीच्या वरून. लय हळू. नारिंगी फूल उतरावं तशी. मले वाटलं पडन आता, तं नाई, वारं लागलं आन् ती पुन्हा वर गेली जराशी. मंग गोल फिरली. तिची दोरी चमकत होती. मेथीच्या वर येऊन थांबल्यावानी झाली, भाऊ. खरंच थांबली. आन् मंग बसली."

गनीचे डोळे तिच्या हाताबरोबर फिरत होते. बाभळीवरून, वळसा घेऊन, खाली.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला. "बाभळीपासून."